तिसऱ्या होलातला बोल्ट

माझी उंची पाच फूट दोन इंच. यात लाजण्यासारखं काही नाही, पण ही सगळी हकिकत माझ्या पायांच्या लांबीवर उभी आहे, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. आधी न सांगणाऱ्या माणसांचा मला फार राग आहे. तो का, ते पुढं येईलच.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाला मी बेळगावात एका गॅरेजमध्ये फिटर होतो. गॅरेज हिंडलग्याच्या रस्त्याला, आणि मालकही हिंडलग्याचाच. घरची शेती, आणि त्या घरात मोटारीचं वेड लागलेला हा एकटाच. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचो. सुरुवातीला एकदा 'मालक' म्हणालो तर हातातला पाना आपटून म्हणाला, "मालक म्हणायचं आसंल तर दुसरीकडं काम बघ." माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आणि दारावर निळा झेंडा. त्या काळात खेड्यातल्या घरी गेलं की चहा कुठल्या कपातून येतो, याकडे आमच्यासारख्यांचं लक्ष आपोआप जायचं. अण्णाच्या घरी मी त्याच्याच ताटात जेवलो, तेही त्याच्या आईनं वाढलेलं. हळूहळू त्या घरात कपाकडे बघायची माझी सवयच सुटली.

आंबोली घाटातला तो प्रसंग घडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. एका डॉक्टरांची फियाट दुरुस्त करून आम्ही तिला चाचणीसाठी घाटात नेली होती. गाडी मी चालवत होतो, अण्णा शेजारी. उतरताना एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेलं. पायाला ते लगेच कळलं, डोक्याला कळायला वेळ लागला. मी एकेक गिअर खाली घेतला, डोंगराच्या बाजूच्या चरात डावी चाकं घातली आणि घासत घासत गाडी उभी केली. अण्णा खाली उतरला, कठड्यावर बसला, बिडी पेटवली. मग म्हणाला, "आपली गाडी झाली की तूच बसायचं. माझा पाय लई जड हाय. तुझा पाय ऐकतोय."

'आपली गाडी' म्हणजे शर्यतीची गाडी. अण्णा एकदा मद्रासकडं जाऊन तिथल्या जुन्या धावपट्टीवरची शर्यत बघून आला होता. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एका माणसाची, उघड्या चाकांची, जमिनीला पोट लावून पळणारी गाडी घुमत होती. घाटातल्या त्या दिवसानंतर आम्ही खरंच कामाला लागलो. गिऱ्हाइकांची कामं दिवसभर, आणि रविवारी व संध्याकाळी गाडी. पाइप वाकवून चासी उभी केली. इंजिन निपाणीहून आलं, तंबाखूच्या लॉरीत पोत्यांवर बसून. "वळखीतलं हाय," अण्णा म्हणाला. माझ्या गावाहून इंजिन आलं याचंच मला कौतुक. कुणाची ओळख, कसली ओळख, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मग पेडलांचा प्रश्न आला. माणसं इंजिनाबद्दल बोलतात, टायरांबद्दल बोलतात, पेडलांबद्दल कुणी बोलत नाही. पण गाडी आणि माणूस यांची खरी गाठ पडते ती पायाशी. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही तीन पेडलं ज्या लोखंडी चौकटीत बसतात तिला पेडल बॉक्स म्हणतात. आम्ही पेडलची पेटी म्हणायचो. ही पेटी कुठली घ्यायची, यावर आमचं आठवडाभर चाललं होतं. एका मोडक्या व्हॅनमधली पेडलं अण्णानं भंगारातून आणली होती. ती वरून लोंबणारी. आमच्या गाडीचं नाक इतकं बुटकं की वरून काही लोंबवलं तर पाय अडकलाच म्हणून समजा. मी म्हणालो, "ही परत कर. खालनं उभी राहणारीच पायजेत." अण्णा ती परत करायला गेला, तर भंगारवाला कानडीत 'आयतु, आयतु', म्हणजे झालं-झालं, म्हणत हसला आणि पेडलं परत न घेता वर ब्रेकच्या तेलाला दाब देणारे आणखी दोन तुटके मास्टर सिलिंडर गळ्यात मारले. अण्णाला घासाघीस कधी जमलीच नाही. लोकांना फसवणं याच्यानं होणार नाही, असं मी तेव्हा चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे.

शेवटी ठरलं की पेटी मीच बनवायची, पहिल्या पट्टीपासून. मला काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं. घाटातलं ते तळाला गेलेलं पेडल अजून पायात बसलेलं होतं. ब्रेकला दोन वेगळे मास्टर सिलिंडर, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. एक निकामी झाला तरी दुसरा असेल. दोघांच्या मध्ये एक आडवा दांडा, त्याला आटे, म्हणजे जोर पुढं जास्त द्यायचा की मागं ते फिरवून ठरवता येईल. पायानं पाच बोटं दाबलं की सिलिंडरचा दांडा एक बोट सरकेल, एवढी पेडलाची लांबी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटी चासीला एकाच जागी, कायमची, वेल्डिंग करून बसवायची. जरा हलली, जरा वाकली, की पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी पत्र्यातच मरतो.

इथं अण्णा अडून बसला. त्याला पेटी पुढं-मागं सरकवता येणारी हवी होती. खाली दोन अँगल, त्यांना पुढं आणि मागं तीन-तीन होलं, आणि पेटी हवी त्या होलात बोल्टनं आवळायची.

"कशाला?" मी विचारलं. "मी काय आता उंच होणार हाय?"

"आसू दे रं. बसून बघितल्यावर पाय आखडला, तर कापत बसायचं काय?"

"म्हणून तर आधी माप घेऊया."

"माप घेऊया की. पण होलं आसू देत. दीड-दीड इंचावर तीन."

मी चिडलो. वजन वाढेल, बोल्ट ढिले होतील, पेटी वाकेल, सगळं सांगून झालं. तो हसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "माझ्यासाठी कर." आता माझ्यासाठी कर म्हटल्यावर काय बोलणार? मी अँगल घेतले, मोजून दीड-दीड इंचावर होलं पाडली, आणि पेटी हलू नये म्हणून प्रत्येक होलामागं जाड पट्टीचा आधार दिला. तीनपैकी दोन होलांचा मला काडीचाही उपयोग नव्हता, तरी त्यांच्या कडासुद्धा मी कानस मारून गुळगुळीत केल्या. माझी खोड ती. काम वाईट करायला मला येत नाही.

माप घेतलं तो दिवस मला स्वच्छ आठवतो. अण्णा सकाळी हातभर रुंद हसू घेऊन आला. काखेत एक लाकडी पट्टी, चार बोटं रुंद, नुकतीच रेड ऑक्साइडनं रंगवलेली. "ओल लागून लाकूड फुगतंय, माप चुकतंय, म्हणून रंगवून आणली," म्हणाला. एवढी काळजी! मला अगदी भरून आलं. मी चासीत बसलो, पाठ मागच्या पत्र्याला टेकवली, पाय पुढं लांब केले. अण्णानं पट्टी माझ्या कमरेपासून टाचेपर्यंत धरली आणि टाच आली तिथं लोखंड कापायच्या एक्सो ब्लेडनं खाच पाडली. "रेघ पुसती. खाच पुसत न्हाय," म्हणाला. तांबड्या रंगात कोऱ्या लाकडाची ती पांढरी खाच मी किती वेळा बघितली असेल! पट्टी भिंतीवर खिळ्याला अडकवली होती, आणि माझं माप येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं असं मला वाटत असे. माणसाला एवढ्याएवढ्यावरून फुगायला होतं.

त्या मापानं पेटी पहिल्या होलात बसली. जागा इतकी अरुंद होती की बूट घालून पाय आत मावेना, म्हणून मी अनवाणीच बसायचं ठरवलं. मग पेडलांचे तळवे माझ्या उघड्या पायाला जुळवून घेतले. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांच्यात किती अंतर, म्हणजे टाच न उचलता पाऊल फिरेल, हे मी सात वेळा कानस मारून, सात वेळा आत बसून ठरवलं. अण्णा बघत उभा असायचा. "झालं की रं," म्हणायचा. "न्हाय झालं," मी म्हणायचो.

निपाणीला गेलो की आईला हेच सांगत बसायचो. ती वखारीतून आलेली, तंबाखूच्या खाटानं शिंका देत ऐकायची. एकदा मध्येच तिनं विचारलं, "गाडी कुणाची रं ती?"

"आमची."

"आमची म्हंजे कुणाची?"

"अण्णाची आणि माझी."

"व्हय व्हय," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. मला तिचा राग आला होता. सगळ्या जगाकडं वखारीच्या दारातून बघायची तिला सवय लागली आहे, असं मला वाटलं.

गाडी मी एकदाच चालवली. पावसाळा संपत आला होता. हिंडलग्याच्या पुढं मोकळा रस्ता होता, तिथं पहाटे उजाडताना नेली, दोरी बांधून. चारेक मैल गेलो असेन आणि परत आलो. ब्रेक दाबला आणि चारही चाकं एकदम, सरळ रेषेत थांबली. पुन्हा जोरात जाऊन दाबला, पुन्हा तसंच. तळपायाला लोखंडाचा गारवा लागत होता आणि पेडल बोटभर जाऊन दगडासारखं थांबत होतं. मी आत बसूनच मोठ्यानं हसलो. आयुष्यात माझ्या मापानं कुणी काही केलं नव्हतं. शाळेची चड्डीसुद्धा थोरल्या भावाची उतरलेली. आणि इथं एक अख्खी गाडी माझ्या टाचेपासून मोजलेली.

"मद्रासचा फॉर्म भरला का?" मी उतरल्या उतरल्या विचारलं.

"भरूया. येळ हाय अजून," अण्णा म्हणाला आणि दोरी गुंडाळायला लागला.

मग दसरा आला. खंडेनवमीला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा असायची. आदल्या दिवशी आम्ही दोघं सगळे पाने, हातोड्या, कानशी रॉकेलनं धुऊन काढायचो. नवमीला अण्णा ती सगळी फळीवर मांडायचा, हळदकुंकू लावायचा, झेंडूची फुलं वाहायचा. एकदा पूजा मांडली की दसरा उलटून जाईपर्यंत त्यातलं एकही हत्यार उचलायचं नाही. यात तो भलताच कडक होता. एका वर्षी दारात एका वकिलांची गाडी बंद पडली, तर त्यांना रिक्षात बसवून दिलं, पण पान्याला हात लावला नाही. आमच्यात पूजा नव्हती. दसऱ्याचा दिवस आमचाही मोठा, पण तो बुद्धवंदनेचा. नवमीलाच मी निपाणी गाठायचो, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परतायचो. अण्णा दरवर्षी विचारायचा, "तुझी हत्यारं ठेवू का पूजेत?" आणि मी दरवर्षी म्हणायचो, "ठेव की. हत्याराला काय कळतंय?" हा आमचा ठरलेला विनोद.

त्या वर्षीही तेच झालं. पांढरीशुभ्र साडी नेसलेल्या आईबरोबर मी विहारात जाऊन आलो, गोड खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं बेळगावला येऊन थेट गॅरेजात गेलो. अण्णा आला नव्हता. किल्ली माझ्याकडं असायचीच.

पूजेच्या फळीवर एक जागा रिकामी होती. तिथली फुलं खाली पडली होती. रिकाम्या जागेशेजारी माझा रिंग पाना आडवा पडलेला, नेहमीच्या रांगेबाहेर. त्याच्यावरचं कुंकू मधोमध पुसलेलं होतं, मूठ धरतात तिथं. मी आधी उंदराचं नाव घेतलं. मग गाडीकडं गेलो. नेहमीसारखा आत सरकलो आणि पाय लांब केले. पाय पेडलाला पोचला नाही. मला वाटलं, मी फारच मागं टेकलो. पुढं सरकलो, तरी अंगठा तेवढा टेकला. वाकून बघितलं तर पेटी तिसऱ्या होलात होती. आणि बोल्टच्या डोक्यावर कुंकू लागलेलं होतं.

पहिल्यांदा मनात आलं ते जातीचंच. खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं एका ताटात जेवून मला पहिला संशय तोच आला, आणि त्या संशयाचीही मला लाज वाटली.

अण्णा आला. मला गाडीत बसलेला बघून दारातच थांबला.

"कोण बसणार हाय?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. निपाणीच्या एका वखारवाल्याचा मुलगा. उंचापुरा, बाहेर शिकून आलेला. "नवमीलाच आलते रं ते. बापलेक दोघं. पूजा मांडून झालती. म्हणले, आत्ताच बसून बघतो. टायर त्यांचं, लॉरी त्यांची, फॉर्मावर सही त्यांची. मी लई सांगितलं. न्हाय ऐकलं. काय करू?" आणि मग खाली बघून म्हणाला, "पूजेतलं हत्यार उचललं मी. माझ्या हातनं असं कधी झालं न्हवतं." त्याचे डोळे भरून आले होते.

मी विरघळलो ते इथं. वकिलाला रिक्षात बसवून देणारा हा माणूस, यानं नवमीला पाना उचलला, म्हणजे याच्यावर केवढी वेळ आली असेल! माझ्या रागाची जागा त्याच्या पापानं घेतली. मीच त्याची समजूत घातली. "जाऊ दे अण्णा, पुढच्या खेपेला मी," असं म्हणालो. आज ते आठवलं की माझाच कान पिळावासा वाटतो.

एवढंच नव्हे, पुढचं कामही मीच केलं. अण्णानं घाईत पेटी दोनच बोल्टांवर आवळली होती. ब्रेक दाबला की मागचा पत्रा वाकत होता. मी काहीच बोललो नसतो तर? हा विचार आला, नाही असं नाही. मग मी चारही बोल्ट घातले, तारेनं बांधले, कोपऱ्यांना तिकोनी आधार दिले. वखारवाल्याचा मुलगा बूट घालून बसणार होता. त्याचा बूट ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या मध्ये अडकत होता, म्हणून माझ्या तळव्याला सात वेळा जुळवलेली पेडलं मी पुन्हा कापली. ब्लेड चालवताना रडू आलं. अण्णा समोर होता, त्यानं बघितलं. बघून पाणी आणायला गेला.

मद्रासला मी मेकॅनिक म्हणून गेलो. गाडी सगळ्या फेऱ्या पुरी करून मधल्या कुठल्यातरी नंबरानं आली. मुलगा उतरला, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "ब्रेक एक नंबर!" आणि अण्णाशी हात मिळवला. माझे हात ग्रीसनं भरलेले होते, म्हणून मी ते मागंच ठेवले. पुढची खेप काही आली नाही. गाडी लॉरीतून निपाणीला गेली ती तिकडंच राहिली. आईला मी सांगितलं की गाडी विकली. तिनं 'कुणाची' म्हणून विचारलं नाही, यातच सगळं आलं.

तरीही मी अण्णाला तोडलं नाही. पुढं मी बेळगावातच, उद्यमबागेच्या कारखान्यांच्या वसाहतीत छोटा वर्कशॉप काढला. अण्णाचं गॅरेज हळूहळू बसलं. तो भाड्याची गाडी चालवायला लागला. जवळच्या कडोली गावच्या साहित्य संमेलनाला बाहेरून पाहुणे यायचे, त्यांना स्टेशनावरून पोचवणं वगैरे. येता-जाता माझ्याकडं चहाला थांबायचा. आणि दरवर्षी नवमीला माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन माझ्या कामगारांसाठी हत्यारांची पूजा तोच मांडून द्यायचा. मला ते बरं वाटायचं. मी म्हणायचो, नवमीचं पाप फेडतोय बिचारा.

मग एका उन्हाळ्यात त्यानं गॅरेजची जागा सोडली आणि उरलंसुरलं सामान माझ्याकडं आणून टाकलं. व्हाइस, दोन जॅक, आणि ती लाकडी पट्टी. वरून तेलाची पुटं चढलेली. अण्णा बाकावर बसून चहा घेत होता, पाहुणे कसे बोलतात याच्या नकला करत होता, आणि मी हसत हसत रॉकेलच्या बोळ्यानं पट्टी पुसत होतो. माझी खाच दिसली. अजून तशीच, तळाशी लाकूड. काळं पडलेलं, पण लाकूड.

बोळा आणखी पुढं गेला आणि तिथं काहीतरी खोलगट लागलं. मी पुन्हा पुसलं. नखानं खरवडलं. तीही खाचच होती. एक्सो ब्लेडची, तसल्याच दोन फटक्यांची. फक्त तिच्यात तळापर्यंत रेड ऑक्साइड भरलेला होता.

फिटरला यापुढं कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. माझी खाच रंगावर पाडली होती. ही खाच आधी पाडली होती आणि तिच्यावरून रंग फिरवला होता. मी ड्रॉवरमधून स्केल काढली आणि दोन खाचांमधलं अंतर मोजलं. बरोबर तीन इंच. पहिल्या होलापासून तिसऱ्या होलापर्यंत जेवढं, तेवढंच. मधलं होल कुणाचंच नव्हतं. ते मला संशय येऊ नये म्हणून होतं.

मी पट्टी अण्णासमोर बाकावर ठेवली. त्याची नक्कल अर्धीच राहिली. त्यानं कप खाली ठेवला आणि त्या दुसऱ्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"त्याचं माप आधी घेतलंतंस," मी म्हणालो.

"व्हय. इंजिन त्यांचंच हुतं. पोरगा बसणार, ही अट पहिल्यापासनंच हुती."

"मग नवमीला ते अचानक आलते म्हणालास, ते?"

"मीच बोलावलतं. तू निपाणीला आसणार, ठाव हुतं."

म्हणजे मी न दिसणारा एकच दिवस त्यानं वर्षातून निवडून काढला होता, आणि त्या दिवसासाठी स्वतःची पूजाही मोडली होती. आणि ती पूजा मोडलेली बघूनच मी त्याला निर्दोष ठरवलं होतं. आठ वर्षं त्याची कीव केली होती. माझ्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं.

"मला सांगायचं हुतंस," मी म्हणालो. "म्हणायचं, गाडी दुसऱ्याची हाय, तू नुसती पेटी बांध. मी बांधली नसती?"

अण्णानं माझ्याकडं बघितलं. बहुतेक त्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सरळ बघितलं.

"बांधली आसतीस," तो म्हणाला. "पण असली?"

तो खरं बोलत होता. दुसऱ्याच्या पायासाठी मी पेटी केली असती, नीटही केली असती. पण सात वेळा आत बसून, सात वेळा कानस मारून नसती केली. आंबोली घाटात माझा पाय ऐकतो म्हणाला तेव्हाच त्यानं हे ओळखलं असेल. त्यानं माझं काम फुकट नेलं नाही, पगार वेळेवर दिला होता. त्यानं माझी हौस नेली. तिच्या जोरावर दुसऱ्याची गाडी घडवून घेतली, आणि मी तिची होलंसुद्धा गुळगुळीत करून दिली.

तो उठला. चपला घातल्या. दारात थांबून, काहीतरी बोलायचं म्हणून की खरंच विचारायचं म्हणून कोण जाणे, म्हणाला, "औंदा नवमीला येऊ न्हवं? पूजा मांडून देतो."

"नको, अण्णा," मी म्हणालो. "माझ्या हत्यारांना हात लावू नको."

त्याला अण्णा म्हणालो ते तेव्हा शेवटचं.